नमुना ७ : पानासारख्या लायकेनची ओळख पटवताना

९ ऑक्टोबर

आज चौथी फेरी. रात्रभर वारा होता त्यामुळे पायवाटेवर फांद्यांचा खच पडलेला. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यालगतचं हे ओलं जंगल, सिट्का स्प्रूस, हेमलॉक, मधेमधे डग्लस फर आणि ओढ्याच्या कडेला बिगलीफ मेपल. मेपलच्या खोडांवर शेवाळाचा इतका जाड थर आहे की साल दिसतच नाही.

ओढ्यापासून साधारण तीस पावलांवर एक पडलेली फांदी सापडली, मनगटाएवढी जाड, आणि तिच्यावर तळहाताएवढं पानासारखं लायकेन (बुरशी आणि शैवाल, म्हणजे अल्गी, एकत्र राहून बनलेला जीव). वरची बाजू तपकिरी, जाळीदार कंगोरे आणि मधे खळगे, एखादं वाळलेलं जून पान चुरगळून परत उघडल्यासारखं. बघितल्या बघितल्या मी वहीत लिहिलं 'लोबारिया पल्मोनारिया' आणि पुढे निघाले. पार्टनर मागून येत होता, तो म्हणाला, "अगं, पल्मोनारिया हिरवं असतं ना, हे तर तपकिरी आहे, आणि भुकटी कुठाय याच्यावर?" परत येऊन भिंग लावलं तर खरंच, कंगोऱ्यांवर भुकटी नाही, कडेला नाही, कुठेच नाही. वर तीन-चार काळे ठिपके मात्र आहेत.

वहीतलं नाव खोडलं. 'नमुना ७, ओळख बाकी' असं लिहिलं.

आता नीट नोंद. फांदी पडलेली, त्यामुळे मूळ उंची कळत नाही. तिच्यावरच्या कळ्या समोरासमोर जोडीने आहेत म्हणजे मेपल, कारण अल्डरच्या कळ्या एकाआड एक असतात. फांदीची एक बाजू शेवाळाने भरलेली आणि लायकेन शेवाळाच्या वर पसरलेलं, थेट सालीवर फक्त एका टोकाला चिकटलंय. फोटो वरून, बाजूने, पट्टी ठेवून. खालच्या बाजूचा फोटो काढायचा राहिला.

जागा खाजगी आहे, मालकांची लेखी परवानगी घेतलेली आहे आणि ती फक्त खाली पडलेल्या मालापुरती. उभ्या झाडावरून काही काढायचं नाही हे आमचं आम्हीच ठरवलंय, कारण हे लायकेन वर्षाला फार तर काही मिलिमीटर वाढतं, तळहाताएवढा तुकडा म्हणजे कित्येक वर्षांची वाढ. नॅशनल पार्कच्या हद्दीत तर पडलेलं पानसुद्धा परवान्याशिवाय उचलता येत नाही, म्हणून नकाशावर हद्द तीनदा तपासली.

१० ऑक्टोबर

नमुना कागदी पाकिटात ठेवून खोलीतच वाळवतेय. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओलं लायकेन ठेवलं की दोन दिवसांत बुरशी धरते, मागच्या फेरीतला नमुना ३ तसाच गेला, तेव्हापासून फक्त कागद.

संध्याकाळी त्यातला एक लहान तुकडा तोडून पाण्याचा फवारा मारला. दोन मिनिटांत तपकिरीचा रंग बदलला! पाळ्यांची (पानासारख्या फाट्यांची) टोकं तपकिरीच राहिली पण मधला भाग चांगला गडद हिरवा झाला, कंगोरे फुगले, कडक कागदासारखा तुकडा ओल्या कातड्यासारखा लवचिक झाला. वाळलेल्या अवस्थेत वरची त्वचा अपारदर्शक असते, ओली झाली की आरपार दिसायला लागते आणि खालच्या शैवालाचा हिरवा रंग वर येतो, हे वाचलेलं होतं पण डोळ्यांसमोर होताना बघणं वेगळंच.

यातून एक गोष्ट लगेच ठरली, की मुख्य भागीदार हिरवं शैवाल आहे. सायनोबॅक्टेरिया (प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू) मुख्य भागीदार असता तर ओलं झाल्यावर करडं, निळसर काळं किंवा गडद तपकिरी दिसलं असतं. या दोघांची तहानसुद्धा वेगळी असते, हिरव्या शैवालाची लायकेन नुसत्या दमट हवेतली वाफ घेऊन प्रकाशसंश्लेषण सुरू करू शकतात, सायनोबॅक्टेरियावाल्यांना मात्र प्रत्यक्ष पाणी लागतं, हे १९८० च्या दशकात प्रयोगांनी दाखवलं गेलं. समुद्राकडून येणारं धुकं या जंगलात तासन्‌तास रेंगाळतं, त्यामुळे इथे दोघांचंही भागतं.

आणि तपकिरी रंगाचं काय? उन्हात वाढलेलं पल्मोनारिया आपल्या वरच्या त्वचेत मेलॅनिन तयार करतं आणि तपकिरी पडतं, गर्द सावलीतलं हिरवट राहतं. म्हणजे ही फांदी बहुतेक वरची, उजेडातली. पार्टनरचा पहिला मुद्दा इथे सुटला. दुसरा, भुकटीचा, जसाच्या तसा उभा आहे.

१३ ऑक्टोबर

आज फक्त खालची बाजू. आमच्या मार्गदर्शक मॅडम पहिल्या दिवसापासून सांगतायत की पानासारखं लायकेन हातात आलं की आधी उलटं करा, आणि मी नेमकं तेच सोडून वरचे फोटो काढत बसले होते.

१०एक्स भिंगातून जे दिसलं ते. खालची बाजू फिकट, मळकट पांढरी ते बदामी. वर जिथे खळगा तिथे खाली फुगवटा आणि वर जिथे कंगोरा तिथे खाली खाच, म्हणजे सगळं लायकेन जणू साच्यात दाबून काढलंय. फुगवटे गुळगुळीत, टक्कल पडल्यासारखे. खाचांमधे मात्र बारीक तपकिरी लव, मखमलीसारखी. लव आणि टक्कल यांची अशी नक्षी.

एवढ्यावर किती जण बाद होतात बघा. प्लाटिस्मॅशिया ग्लॉका इथे फांदीफांदीवर आहे, वरून सुरकुतलेलं आणि पसरट असल्यामुळे लांबून फसवतं, पण त्याची खालची बाजू चकचकीत तपकिरी-काळी, मधे पांढरे डाग, लव अजिबात नाही. बाद. पेल्टिजेरा सहसा जमिनीवर किंवा खोडाच्या बुंध्याशी, खाली शिरा आणि मुळांसारखे दोरे. बाद. नेफ्रोमा असतं तर कंगोरे नसते, आणि त्याच्या फळवाट्या (बीजाणू तयार होतात त्या बशा) पाळीच्या टोकाला खालच्या अंगाला येतात, हे लायकेनमधे इतकं वेगळं आहे की एकदा बघितलं की विसरत नाही. इथे तसं काही नाही. स्टिक्टाच्या खालच्या बाजूला काठ असलेले गोल गोल खळगे असतात, सुईने टोचून काठ वळवल्यासारखे, तेही नाहीत. हायपोजिम्निया, पार्मेलिया वगैरे तर पाळ्या बघूनच गेले.

राहिलं स्यूडोसिफेलारिया. याच्यावर अर्धा तास गेला. या पट्ट्यात स्यूडोसिफेलारिया अनोमला आणि अँथ्रास्पिस ही दोन तपकिरी, कंगोरेदार, वरून अगदी अशीच दिसणारी लायकेन आहेत. दोन्हींच्या खालच्या बाजूला लवेतून डोकावणारे पांढरे ठिपके असतात, तिथे त्वचा फाटून आतला कापसासारखा थर उघडा पडलेला असतो. माझ्या नमुन्यात पण फिकट ठिपके आहेत! पण भिंग तिरकं धरून, बाजूने टॉर्च मारून बघितलं तर फरक कळला. आपले फिकट भाग वर आलेले, गुळगुळीत, त्वचा अखंड. स्यूडोसिफेलारियाचे ठिपके लहान, खरखरीत, टोकाला फुटलेले. शिवाय त्या दोघांत मुख्य भागीदार सायनोबॅक्टेरिया आहे, ओले केल्यावर असे हिरवे झालेच नसते. दोन स्वतंत्र पुरावे एकाच दिशेने बोट दाखवतायत, बाद.

म्हणजे लोबारियाच. प्रश्न आता फक्त कुठलं.

१४ ऑक्टोबर

उमेदवार तीन.

लोबारिया ओरेगाना, पिवळट हिरवं, कोबीच्या पानासारखं, कडेला बारीक बारीक पानांची झालर. रंग त्वचेतल्या अस्निक आम्लामुळे, वाळल्यावर तर पिवळेपणा आणखी कळतो. आमच्याकडे नमुना ४ आणि ५ ही नक्की ओरेगाना आहेत, शेजारी ठेवून बघितलं, रंगात काहीच साम्य नाही आणि आपल्या नमुन्याच्या कडा सरळ, झालर नाही. बाद करायला हरकत नाही.

लोबारिया पल्मोनारिया, कंगोऱ्यांवर आणि कडांवर भुकटी किंवा बारीक दाणे. ही भुकटी म्हणजे बुरशीच्या धाग्यात गुंडाळलेल्या शैवालाच्या पुड्या, वाऱ्याने पावसाने उडून दुसरीकडे रुजतात, दोन्ही भागीदार एकाच वेळी प्रवास करतात म्हणून ही सोय.

लोबारिया लिनिटा, पल्मोनारियासारखंच, पण भुकटी नाही, दाणे नाहीत, झालर नाही. कंगोरे जरा बोथट. जास्त करून उंचावर आणि उत्तरेकडे, पण किनारी जंगलात खोडांवर, शेवाळलेल्या दगडांवरही मिळतं.

आता माझ्या हातातल्या तुकड्यावर भुकटी नाही. ओळखीच्या किल्लीप्रमाणे (एकेक लक्षण तपासत नावापर्यंत नेणारी यादी) गेलं तर सरळ लिनिटा. पण पल्मोनारियाच्या कोवळ्या थॅलसवर (लायकेनच्या शरीरावर) पण भुकटी नसते, ती बरीच वाढ झाल्यावर येते, म्हणजे 'नाही' हा पुरावा तितकासा पक्का नाही. एखादी गोष्ट दिसली तर ती आहे असं म्हणता येतं, दिसली नाही तर ती अजून आलेली नसेल, झडून गेली असेल, मी बघितलेल्या तुकड्यावर नसेल.

रसायनाने सुटेल. पल्मोनारियाच्या आतल्या पांढऱ्या थरात स्टिक्टिक, नॉरस्टिक्टिक, कॉन्स्टिक्टिक ही आम्लं असतात, के टाकलं की पिवळं आणि मग लालसर होतं. लिनिटात ती नसतात, के टाकून काहीच होत नाही. के म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं साधारण १० टक्के द्रावण. ही युक्ती नायलँडर नावाच्या फिनिश लायकेनतज्ज्ञाने १८६६ मध्ये आणली, के आणि सी (ब्लीचसारखं द्रावण) दोन्ही, आणि दीडशे वर्षं उलटून गेल्यावरही प्रत्येकाच्या बॅगेत त्याच दोन बाटल्या असतात याचं मला फार अप्रूप वाटतं.

१७ ऑक्टोबर

के टेस्ट केली. ब्लेडने वरची त्वचा खरवडून आतला पांढरा थर उघडा केला, काचेच्या बारीक नळीने एक थेंब. थांबले. एक मिनिट, दोन मिनिटं. पाण्याचा थेंब टाकावा तसं, जरा ओलसर राखाडी झालं, बाकी काही नाही. दुसऱ्या पाळीवर परत केलं, तेच.

के निगेटिव्ह. भुकटी नाही. लोबारिया लिनिटा.

खूप आनंद झाला, कारण आमच्या यादीत लिनिटा नव्हतं. लेबल लिहिलं, मॅडमना फोटो पाठवला.

१८ ऑक्टोबर

मॅडमचं उत्तर एका ओळीचं : "द्रावण कधी बनवलंय, आणि कंट्रोल काय वापरलंत?"

बाटलीवर तारीख नाही. कंट्रोल, म्हणजे द्रावण चालतंय का ते बघायला निकाल आधीच माहीत असलेलं लायकेन, वापरलंच नव्हतं.

आज कंट्रोल केलं. कुंपणाच्या खांबावरून झॅन्थोरियाचा एक नखाएवढा तुकडा आणला, हे नारिंगी लायकेन, याच्यात पॅरिएटिन असतं आणि के लागलं की क्षणात गडद जांभळं होतं, शंकेला जागाच नाही. आमच्या बाटलीतला थेंब टाकला. जरासा मळकट डाग, जांभळं काही नाही.

द्रावण मेलेलं आहे. पोटॅशियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि कार्बोनेट होत जातं, बाटलीचं झाकण सैल असेल तर आणखी लवकर. दिसायला पाण्यासारखंच राहतं, त्यामुळे बघून काही कळत नाही.

लिनिटाचं लेबल काढून टाकलं. मन खट्टू झालं, खोटं कशाला बोलू, पण चुकीच्या नावाने नमुना संग्रहात गेला असता तर पुढे कोणीतरी त्यावरून नकाशात एक ठिपका टाकला असता आणि तो ठिपका पुसणं फार अवघड असतं. १७ तारखेची नोंद मुद्दाम तशीच ठेवलीये, खोडणार नाही.

२१ ऑक्टोबर

नवीन के बनवलं, १०० मिली पाण्यात १० ग्रॅम गोळ्या, हातमोजे आणि चष्मा घालून, गोळ्या विरघळताना भांडं चांगलंच गरम होतं. लहान ड्रॉपर बाटल्यांत भरलं, तारीख टाकली. आता नियम असा, की प्रत्येक वेळी आधी झॅन्थोरियावर एक थेंब, जांभळं झालं तरच पुढे.

झॅन्थोरिया झटक्यात जांभळं.

नमुना ७, आतला थर. थेंब पडल्या पडल्या पिवळं. पिवळं गडद होत गेलं, नारिंगी, आणि साधारण मिनिटभराने कडेने विटकरी लाल. पार्टनर व्हिडिओ काढत होता, तो म्हणाला "अगं बघ बघ, चढतंय." तीन वेगवेगळ्या पाळ्यांवर केलं, तिन्हीकडे तसंच. शेजारी नमुना ४ वर, म्हणजे ओरेगानावर केलं, तिथेही पिवळं-नारिंगी, कारण त्यातही स्टिक्टिक आम्लाचं कुटुंब आहे. म्हणजे ही टेस्ट पल्मोनारिया आणि ओरेगाना वेगळे करत नाही, ते रंगाने आणि झालरीने झालेलं आहे, पण लिनिटाला मात्र बाहेर काढते.

सी टेस्ट, ताज्या ब्लीचने, काही नाही. पल्मोनारियात नसायलाच हवं.

२२ ऑक्टोबर

लाल रंगाची आणखी खात्री करायची होती कारण 'लालसर' हा शब्द बघणाऱ्यागणिक बदलतो. आतल्या थराचा पातळ काप स्लाइडवर घेतला, कव्हर स्लिप ठेवली, कडेने के सोडलं आणि मायक्रोस्कोपखाली वाट बघितली. आधी पिवळं द्रव पसरलं, आणि मग त्यातून सुया फुटायला लागल्या, लाल, बारीक, झुपक्याझुपक्याने, एका बिंदूतून चहूकडे. हे नॉरस्टिक्टिक आम्लाचं लक्षण, के लागल्यावर असे लाल सुईसारखे स्फटिक होतात. मी आणि पार्टनर आळीपाळीने डोळा लावत बसलो, वेळेचं भान नव्हतं. साध्या उघड्या डोळ्यांच्या थेंबापेक्षा हा पुरावा मला जास्त भरवशाचा वाटतो, रंगाबद्दल वाद होऊ शकतो, सुयांबद्दल नाही.

पी टेस्ट आम्ही घरी करत नाही. त्यातलं पॅराफेनिलीनडायअमीन विषारी आहे, कपड्यांवर कायमचे डाग पडतात आणि वाफ श्वासात जाणं बरं नाही. मॅडमनी लॅबमधे फ्यूम हूडखाली केली, नारिंगी आलं. स्टिक्टिकशी जुळतं.

२६ ऑक्टोबर

काळे ठिपके.

पहिल्या दिवसापासून मी त्यांना फळवाट्या समजत होते, म्हणजे बुरशीचे बीजाणू जिथे तयार होतात त्या बशा. पण पल्मोनारियाच्या वाट्या तांबूस तपकिरी, काठ असलेल्या, गुळगुळीत असतात. हे ठिपके कोळशासारखे काळे, काठ नाही, खडबडीत, लहान लहान फोडांचा पुंजका एकत्र आल्यासारखे. भिंगाखाली ठेवल्यावर वाटी म्हणवेना.

मॅडमनी बघितलं आणि लगेच नाव सांगितलं, प्लेक्टोकार्पॉन लायकेनम. लायकेनवर जगणारी दुसरी बुरशी! लायकेन म्हणजे मुळात बुरशी आणि शैवालाचं एकत्र घर, त्या घरात सायनोबॅक्टेरियाची वेगळी खोली, आणि आता भिंतीवर ही परकी बुरशी मुक्कामाला. पल्मोनारियावर ती नेहमी सापडणारी आहे. काप घेतला तेव्हा काळा भाग लायकेनच्या स्वतःच्या थरांपासून स्पष्ट वेगळा दिसला.

ओळखीच्या दृष्टीने दोन गोष्टी झाल्या. एक, हे ठिपके लायकेनचा भाग नाहीत म्हणजे 'वाट्या आहेत, भुकटी नाही, म्हणून लिनिटा' हा जो तर्क माझ्या डोक्यात कुठेतरी काम करत होता तो मुळापासून गेला. दुसरं, ही बुरशी पल्मोनारियावर सापडते म्हणून यजमान पल्मोनारिया, असं मात्र मी लिहिणार नाही, पाहुण्यावरून घर ओळखणं हा आधार म्हणून ठीक, पुरावा म्हणून नाही.

२७ ऑक्टोबर

कालच्या कापांमधे आणखी एक सापडलं. खालच्या बाजूला एक बारीकसा उंचवटा होता, मी दुर्लक्ष केलं होतं, त्यातून ब्लेड गेलं तर आत निळसर काळी गोळी. ४००एक्स वर मण्यांच्या माळा, नॉस्टॉक. हीच ती सायनोबॅक्टेरियाची खोली, सेफॅलोडियम. हिरवं शैवाल वरच्या थरात सलग पसरलेलं आणि नॉस्टॉक असा गाठीगाठीने आत कोंडलेला. हिरव्या शैवालाचं काम साखर बनवणं, नॉस्टॉकचं काम हवेतला नायट्रोजन बांधणं.

या जंगलाला त्याचा केवढा उपयोग आहे हे थोडं लिहून ठेवते. जुन्या डग्लस फरच्या शेंड्यांमधे ओरेगाना ढिगाने असतं, हिवाळी वादळात ते खाली पडतं, कुजतं आणि त्यातला नायट्रोजन मातीत जातो. आपण पायाखाली तुडवतो तो हिरवट-पिवळट चुरा म्हणजे जंगलाचं खत आहे. आणि ही लायकेन सल्फर डायऑक्साइड आणि आम्ल पावसाला फार हळवी, युरोपात पल्मोनारिया मोठ्या भागातून त्यामुळे आणि जुनी झाडं तुटल्यामुळे गेलं. म्हणून इथे ते अजून आहे याची नोंद अचूक नावाने व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

२ नोव्हेंबर

परत त्या जागी गेलो. डोक्यात एकच प्रश्न, फांदी कुठल्या झाडाची, आणि त्या झाडावर बाकीचं लायकेन कसं आहे.

पाऊस बारीक होता, सगळं जंगल ओलं, म्हणजे शोधायला उत्तम दिवस, कारण ओलं पल्मोनारिया हिरवंगार होतं आणि लांबूनसुद्धा ओळखू येतं, वाळलेलं असताना खोडात मिसळून जातं. फांदी पडली होती तिथून वर बघितलं तर मेपलची मोठी फांदी ओढ्यावर झुकलेली आणि तिचं एक टोक ताजं मोडलेलं. दुर्बीण लावली. मोडलेल्या जागेच्या मागे, खोडाच्या दिशेने, लायकेन आहे. आणि खोडावर, माझ्या खांद्याच्या उंचीला, शेवाळावर पसरलेला एक मोठाच्या मोठा थॅलस, पट्टी लावली तर २६ सेंटिमीटर.

भिंग लावलं. जुन्या, मधल्या पाळ्यांच्या कंगोऱ्यांवर भुकटी! राखाडी-पांढरट, ओळीने, कंगोऱ्याच्या अगदी धारेवर, कडांवर पण. बाहेरच्या कोवळ्या पाळ्यांवर एक कणही नाही. एकाच थॅलसवर दोन्ही अवस्था, मधून बाहेर जाताना भुकटी कमी कमी होत संपते. आमचा नमुना ७ हा अशाच कुठल्यातरी वरच्या, उजेडातल्या, अजून कोवळ्या थॅलसचा. सावलीतला हा खोडावरचा हिरवा, वरचा तो तपकिरी.

फोटो काढले, वरून, खालून (पाळी हलकेच उचलून, न तोडता), पट्टीसकट, ओल्या अवस्थेत. काहीही काढलं नाही.

एका पाळीवर कुरतडल्याच्या खुणा होत्या, गोगलगायीच्या. वरची त्वचा खाल्लेली आणि आतला पांढरा थर बराचसा शिल्लक. ज्या आम्लांनी आमच्या टेस्टला लाल रंग दिला तीच आम्लं गोगलगायींना नकोशी असतात, अ‍ॅसिटोनने धुवून ती काढून टाकली की त्या हेच लायकेन जास्त खातात असं प्रयोगांत दिसलंय. २१ तारखेच्या थेंबाचा अर्थ आज झाडावर दिसला.

५ नोव्हेंबर

घरी आल्यावर नमुना ७ परत भिंगाखाली घेतला, या वेळी सगळा, आधी फक्त सोयीच्या पाळ्या बघितल्या होत्या. जिथे तो सालीला चिकटलेला होता त्या सगळ्यात जुन्या टोकाला, एका कंगोऱ्यावर, चार-पाच दाणे. इतके लहान की १०एक्स ला धूळ वाटावी, २०एक्स ला नीट दिसले, हिरवट, कंगोऱ्यातूनच उगवलेले, टोकरल्यावर निघाले. पार्टनरला न सांगता नुसतं "त्या टोकाला बघ" म्हणून भिंग दिलं, त्यालाही दिसले.

म्हणजे भुकटी नव्हती असं नाही, सुरुवात होत होती.

७ नोव्हेंबर

मॅडमबरोबर शेवटची बैठक. त्यांनी सगळे मुद्दे उलट्या क्रमाने विचारले, आधी नाव सांगायचं नाही, आधी काय दिसलं ते सांगायचं. ओलं केल्यावर हिरवं. खाली लव आणि टकलांची नक्षी, छिद्रं नाहीत, शिरा नाहीत. आत नॉस्टॉकच्या गाठी. झालर नाही, पिवळेपणा नाही. के पिवळं ते लाल, सुया, कंट्रोल बरोबर. पी नारिंगी. सी काही नाही. जुन्या टोकाला दाणे. त्याच झाडावरच्या मोठ्या थॅलसवर भरपूर भुकटी. मग म्हणाल्या, "आता लिहा."

हे नाव लिनियसने १७५३ मध्ये 'लायकेन पल्मोनारियस' म्हणून दिलं आणि हॉफमनने १७९६ मध्ये लोबारियात आणलं. पल्मो म्हणजे फुप्फुस, खळगे आणि कंगोरे फुप्फुसासारखे दिसतात म्हणून युरोपात हे जुन्या काळी फुप्फुसाच्या दुखण्यावर देत असत, ज्या अवयवासारखं रूप त्या अवयवाचं औषध या समजुतीने.

लेबलवर गेलेला मजकूर :

लोबारिया पल्मोनारिया (लि.) हॉफम. बिगलीफ मेपलच्या पडलेल्या फांदीवर, शेवाळावर, ओढ्यालगत, किनारी मिश्र जंगल. थॅलस तपकिरी, कोवळा, सोरेडिया (भुकटी) फक्त बुडाशी सुरू होत असलेले. आतला थर के+ पिवळा ते लाल, पी+ नारिंगी, सी−. वर प्लेक्टोकार्पॉन लायकेनम. त्याच झाडाच्या खोडावर प्रौढ थॅलस, फक्त फोटो. आधी चुकून लो. लिनिटा अशी नोंद, कारण निकामी के द्रावण, दुरुस्ती १८ ऑक्टोबर.

शेवटचं वाक्य लेबलवर हवंच असा माझा आग्रह होता, मॅडमनी मान्य केला.

९ नोव्हेंबर

जुन्या पाकिटांची तपासणी सुरू. नमुना १ आणि २ च्या के टेस्ट त्याच जुन्या बाटलीने झाल्या होत्या, दोन्ही परत करायच्या. नमुना २ 'के निगेटिव्ह' म्हणून प्लाटिस्मॅशियात ठेवलाय, त्याची खालची बाजू आज पहिल्यांदा नीट बघितली, चकचकीत काळी-तपकिरी, लव नाही, तो ठीक वाटतोय. नमुना १ ला लव आहे आणि लवेतून पांढरे ठिपके. उद्या ओला करून बघते.